डोक्याला मार लागल्यानंतर कामावर परतताना : घरच्या तालमीपासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

टाके निघतात, चालणं सुधारतं, सीटी स्कॅनचा रिपोर्ट ठीक येतो, डॉक्टर फिटनेस सर्टिफिकेट लिहून देतात. घरचे म्हणतात, "आता जा कामावर, मन रमेल." माणूस सोमवारी हजर होतो आणि महिनाभरात चिडून, थकून किंवा साहेबांशी भांडून घरी बसतो. व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार) कामात हा क्रम मी पुन्हा पुन्हा बघते. यात रुग्णाचा आळस नसतो, आणि बहुतेक वेळा साहेबही दुष्ट नसतात. त्या सर्टिफिकेटने शरीर तपासलेलं असतं, पण त्या माणसाचं काम कुणीच तपासलेलं नसतं.

हा लेख दुचाकीच्या किंवा इतर अपघातात डोक्याला मार लागलेल्यांसाठी आहे. मेंदूतला रक्तस्राव किंवा पक्षाघात यानंतर कामावर परतणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. एक विनंती आहे : हा लेख रुग्णाने आणि घरातल्या एका जवळच्या माणसाने शेजारी बसून वाचावा. कारण पुढे येईल.

नेमकं काय बिघडलंय ते आधी समजून घ्या

डोकं जोरात आपटतं तेव्हा मेंदू कवटीच्या आत हलतो. कपाळामागचा आणि कानशिलांकडचा भाग कवटीच्या खडबडीत हाडांवर घासतो, म्हणून सर्वांत जास्त मार तिथेच बसतो. हेच भाग लक्ष टिकवणं, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं, कामाचा क्रम लावणं आणि राग आवरणं ही कामं करतात. शिवाय मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात निरोप नेणारे बारीक तंतू ताणले जातात. ते साध्या सीटी स्कॅनमध्ये बऱ्याचदा दिसत नाहीत. त्यामुळे "स्कॅन नॉर्मल आहे, मग याला होतंय काय?" हा घरातला प्रश्न रास्त असला तरी त्याचं उत्तर स्कॅनमध्ये सापडत नाही.

कामावर हे असं दिसतं : वीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं, पण सकाळी साहेबांनी सांगितलेलं दुपारी आठवत नाही. एक काम नीट होतं, दोन एकदम आली की दोन्ही फसतात. बोलणं कळतं, पण समोरचा भरभर बोलला की अर्धं निसटतं. काम सुरूच होत नाही, किंवा सुरू झालं की कुठे थांबायचं ते कळत नाही. आणि या सगळ्यांच्या वर मेंदूचा थकवा. दोन तास हिशेब केल्यावर दिवसभर नांगर धरल्यासारखा माणूस गळून जातो, तेही खुर्चीत बसून. कामावर परतण्याचं गणित बहुतेकदा स्मरणशक्तीपेक्षा या थकव्यावर ठरतं, हे मी आवर्जून सांगेन. वहीत लिहून स्मरणशक्तीची उणीव बरीचशी भरून काढता येते. थकव्याला तशी वही नाही, त्याच्याभोवती दिवसच बेतून घ्यावा लागतो.

आता शेजारी बसण्याचं कारण. कपाळामागच्या भागाला मार बसला की आपल्यात काय कमी झालंय याची जाणीवही कधीकधी कमी होते. माणूस मनापासून सांगतो, "मला काही झालेलं नाही." तो खोटं बोलत नसतो. म्हणून रुग्णाने स्वतःबद्दल लिहिलेली यादी आणि बायकोने, नवऱ्याने किंवा भावाने वेगळी लिहिलेली यादी समोरासमोर ठेवा. जिथे त्या जुळत नाहीत, तिथूनच काम सुरू करायचं.

डिस्चार्ज कार्ड काढून ठेवा. त्यावर जीसीएस नावाचा, रुग्ण किती शुद्धीवर होता हे सांगणारा आकडा असतो : १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी म्हणजे गंभीर. अपघातानंतरचे किती दिवस रुग्णाला आठवत नाहीत, तेही त्यावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला या दोन गोष्टी लागतात. सुधारणेचा वेग पहिल्या ६ महिन्यांत सर्वाधिक असतो आणि पुढेही वर्ष-दोन वर्षं सुधारणा होत राहते. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात "हे कायमचंच" असा निष्कर्ष काढू नका, आणि तिसऱ्याच महिन्यात पूर्ण वेळ कामाला जुंपूनही घेऊ नका.

तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं

"कामावर जाऊ का?" एवढंच विचारलंत तर "जा" एवढंच उत्तर मिळेल. आपण काय काम करतो ते सांगून विचारा : उंचीवर चढू का, फिरत्या यंत्राजवळ उभा राहू का, रात्रपाळी करू का, गाडी चालवू का.

फिट (आकडी) येण्याचा धोका असेल तर ही चारही उत्तरं बदलतात. झोप मोडली की फिट येण्याची शक्यता वाढते, म्हणून रात्रपाळीचा प्रश्न आरामाचा नाही, सुरक्षेचा आहे. ड्रायव्हिंग लायसन्सच्या अर्जातल्या स्वयंघोषणेत फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल थेट प्रश्न असतो. तिथे खरंच लिहा. दारू पूर्ण बंद. मार लागलेल्या मेंदूला थोडीही जास्त चढते, आणि पुन्हा पडून दुसऱ्यांदा डोक्याला मार बसला तर परिणाम फार वाईट होतात.

औषधांबद्दलही विचारा. फिट येऊ नये म्हणून आपल्याकडे लेव्हेटिरॅसिटम सर्रास दिलं जातं. काही जणांमध्ये त्याने चिडचिड वाढते, आणि घरचे समजतात की स्वभावच बदलला. गोळी मनाने बंद करू नका, कारण अचानक बंद केल्याने फिट येऊ शकते. पण चिडचिड कधीपासून सुरू झाली हे तारखेसह डॉक्टरांना सांगा, पर्याय असतात.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे वास. डोक्याच्या मारात वासाची शिर दुखावू शकते, आणि रुग्णाच्या ते लक्षातही येत नाही. खानावळीत, रसायनांच्या कारखान्यात किंवा गॅसजवळ काम करणाऱ्यासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. घरीच डोळे मिटून कॉफी, लसणाची फोडणी आणि साबण यांचा वास घेऊन बघा. एकाच्या दोन वस्तू दिसणं, चक्कर, मोठ्या आवाजाचा त्रास यांचीही चौकशी करा.

जमत असेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (लक्ष, स्मरणशक्ती, विचार यांच्या चाचण्या घेणाऱ्या तज्ज्ञाकडून) सविस्तर तपासणी करून घ्या. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेने भारतीय रुग्णांसाठी तयार केलेली चाचण्यांची मालिका त्यासाठी आपल्याकडे वापरली जाते. तिला काही तास लागतात. एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरू नका, थकलेल्या माणसाचे गुण कमीच येतात. रिपोर्ट हातात आल्यावर विचारा, "याचा माझ्या कामाशी संबंध काय?" टक्केवारीपेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी पडतं. सरकारी रुग्णालयात व्यवसायोपचार विभाग असेल तर तिथेच हा धागा पुढे नेता येतो. बोलताना शब्द सापडत नसतील तर वाचा-उपचारतज्ज्ञ लागेल.

कामाचे तुकडे करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि हीच सगळे गाळतात. "मी रोखपाल आहे" असं म्हणून भागत नाही. धरा, तुम्ही तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत रोखपाल आहात. एका ग्राहकाचं काम म्हणजे काय ते लिहून काढा.

स्लिप घ्यायची. नाव, खाते क्रमांक, अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते का बघायचं. नोटा मोजायच्या, प्रकारानुसार आकडे स्लिपमागे लिहायचे. संगणकात नोंद करायची. शिक्का, सही, पावती. हे वाचायला सोपं आहे. पण नोटा मोजताना काउंटरपलीकडून कुणीतरी विचारतं, "साहेब, एफडीचं व्याज जमा झालं का?" तुम्ही मान वर करता, उत्तर देता, आणि किती मोजल्या ते विसरता. पुन्हा पहिल्यापासून. मागची रांग कुरकुरते. आधी हे रोज व्हायचं आणि तुम्ही बोलता बोलता मोजायचात. आता जमत नाही ते इथे. मोजणं शाबूत आहे, मोजताना बोलणं गेलं आहे.

हे कळलं की उपायही दिसतो : मोजताना बोलायचं नाही, शंभराच्या गड्डीगणिक आकडा लिहायचा, काउंटरवर "नोटा मोजणी सुरू आहे, कृपया थांबा" अशी पाटी. संध्याकाळी कॅश जुळवणं हे दिवसाचं सर्वांत अवघड काम नेमकं थकव्याच्या वेळी येतं, तर सुरुवातीचे काही आठवडे ते दुसऱ्याने करावं आणि तुम्ही फक्त शेजारी बसून बघावं.

आपल्या कामाची अशीच चिरफाड करा. प्रत्येक तुकड्यासमोर तीन खुणा : आता जमतं, मदतीने जमतं, सध्या नको. लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काम करणाऱ्याच्या यादीत माप घेणं "जमतं" मध्ये येईल, पण यंत्रावर तुकडा फिरत असताना लक्ष विचलित होणं "सध्या नको" मध्ये जाईल. शिक्षिकेला धडा शिकवणं जमेल, पण साठ मुलांच्या गोंगाटात हजेरी घेताना दारात आलेल्या पालकांशी बोलणं जमणार नाही. यादी कागदावर हवी. पुढे साहेबांसमोर हाच कागद ठेवायचा आहे.

घरची तालीम

कामावर जाण्याआधी किमान महिनाभर घरी तालीम करा. पहिल्या आठवड्यात फक्त वेळ पाळायची : ऑफिसच्या वेळेनुसार उठणं, आंघोळ, डबा भरणं, ठरलेल्या वेळी टेबलाशी बसणं. दिवसभर झोपायची सवय लागलेल्या मेंदूला एवढंही जड जातं. मग कामासारखं काम आणा. रोखपालाने जुन्या स्लिपा घेऊन बेरजा कराव्यात आणि नंतर कॅल्क्युलेटरवर तपासाव्यात. शिक्षिकेने भाचरंडांना चाळीस मिनिटांचा तास घ्यावा. आधी अर्धा तास, मग विश्रांती, मग पुन्हा अर्धा तास. चुका कोणत्या मिनिटाला सुरू होतात ते घरच्या माणसाने घड्याळ लावून लिहावं. पन्नासाव्या मिनिटाला चुका वाढत असतील, तर विश्रांती चाळिसाव्या मिनिटाला घ्यायची. थकल्यावर घेतलेल्या विश्रांतीने गेलेली शक्ती लवकर परत येत नाही, आधी घेतलेली पुरते.

शेवटच्या आठवड्यात आवाज वाढवा. टीव्ही चालू, कुकरची शिट्टी, कुणीतरी मध्येच हाक मारतंय. आणि प्रवास. गर्दीच्या एसटीने किंवा लोकलने त्याच वेळेला जाऊन, ऑफिसच्या दारापर्यंत पोहोचून परत या. अनेकांची निम्मी शक्ती प्रवासातच संपते, आणि ते पहिल्या दिवशी कळणं फार महागात पडतं.

याच काळात वहीची सवय लावा. एकच वही, नेहमी एकाच जागी. डाव्या पानावर आजची कामं, उजव्या पानावर कोण काय म्हणालं, किती वाजता, काय ठरलं. संध्याकाळी उरलेलं उद्याच्या पानावर उतरवायचं. मोबाइलचे अलार्म उत्तम, पण अलार्म वाजल्यावर "हा कशासाठी?" असं होऊ नये म्हणून प्रत्येक अलार्मला कामाचं नाव द्या. चिठ्ठ्या, वही, तीन ॲप आणि हातावर लिहिणं हे सगळं एकदम केलंत तर काहीच सापडणार नाही. नवी पद्धत शिकवताना घरच्यांनी "आठवून बघ बरं" असा खेळ करू नये. स्मरणशक्तीला मार बसलेल्या माणसाने चुकीचं उत्तर दिलं की ते चुकीचंच डोक्यात बसू शकतं. आधी बरोबर दाखवा, मग करून घ्या.

साहेबांशी बोलणं

किती सांगायचं हा तुमचा निर्णय. सगळा इतिहास सांगायची गरज नाही, पण काहीच न सांगता परतणं मला धोक्याचं वाटतं. न सांगितलेला विसराळूपणा लोकांना बेफिकिरी वाटतो आणि थकवा कामचुकारपणा. आजाराचं नाव कमी आणि कामाची भाषा जास्त वापरा :

"सर, तब्येत सुधारली आहे. डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने सुरुवात करायला सांगितलंय. एका वेळी एक काम मी नीट करू शकतो. तोंडी सूचना निसटतात, म्हणून व्हॉट्सअॅपवर किंवा चिठ्ठीवर द्याल का? पहिले दोन आठवडे अर्धा दिवस यावं असं वाटतं. हा कागद आणलाय, यात काय जमतंय आणि काय सध्या नको ते लिहिलंय."

हेच अर्जातही द्या आणि पोच घ्या. अर्जात चार गोष्टी असाव्यात : रुजू होण्याची तारीख, पहिल्या काही आठवड्यांचे तास, मागितलेल्या सोयी आणि आढावा कधी घ्यायचा ती तारीख. डॉक्टरांकडून "फिट" एवढंच न घेता "हलक्या कामासाठी, अमुक तास, अमुक काळापर्यंत" असं लिहून आणा. सहकाऱ्यांपैकी एकाला विश्वासात घ्या. दिवसभर दहा जणांना विचारत बसण्यापेक्षा ठरलेल्या एका माणसाला विचारणं दोघांनाही बरं.

पहिले तीन महिने

तास आणि जबाबदारी एकदम वाढवू नका. आधी तास वाढवा, ते दोन आठवडे झेपले की मग एक जबाबदारी. पहिला आठवडा बहुतेकांचा छान जातो : सगळे हार-तुरे घेऊन उभे, कामही कमी. खरी कसोटी पाचव्या-सहाव्या आठवड्याला लागते. कौतुक ओसरतं आणि लोक जुन्या वेगाची अपेक्षा धरू लागतात. त्या काळात सुट्टीच्या दिवशी लग्नं, वास्तुशांती, पाहुणे टाळा. घरच्यांनी हे नातेवाइकांना सांगण्याची जबाबदारी घ्यावी, रुग्णावर टाकू नये.

राग येतोय असं जाणवलं की उत्तर न देता जागा सोडायची : "दोन मिनिटांत येतो" म्हणून पाणी प्यायला जायचं. हे वाक्य आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. एखादं काम हातात घेण्याआधी थांबून स्वतःला विचारायचं : मला काय करायचंय, पहिली पायरी कोणती, आणि झालं हे कसं तपासणार? हा सरावाने जमणारा उपाय आहे.

झोप उडाली, डोकेदुखी वाढली, चुका वाढल्या किंवा घरी आल्यावर मुलांवर खेकसणं सुरू झालं, तर एक पायरी मागे या. आठवडाभर कमी तास करणं महिनाभर घरी बसण्यापेक्षा कितीतरी बरं. उदासी, रडू, जगण्याचाच कंटाळा असं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा. डोक्याच्या मारानंतर नैराश्य येणं नेहमीचं आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

नोकरी, कायदा, पैसा

सर्वांत आधी : घाईने राजीनामा देऊ नका. "तब्येतीच्या कारणास्तव" अशा तयार कागदावर सही मागितली तर तो घरी नेऊन वाचा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही किंवा खालच्या पदावर नेता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर तसं पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या) पदावर ठेवायचं. खासगी नोकरीला हे संरक्षण इतक्या थेट शब्दांत नाही. पण समान संधी धोरण जाहीर करणं कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेवर बंधनकारक आहे. ते धोरण मागून घ्या. दाद मागायला पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, गोव्यातही दिव्यांगांसाठी राज्य आयुक्त आहेत.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची एक अडचण आधीच सांगते. कायद्यातल्या २१ प्रकारांत "डोक्याची इजा" असा वेगळा प्रकार नाही. बोलणं कायमचं बिघडलं असेल तर ते वाचा आणि भाषा दोषात बसतं, हातापायांची कमजोरी अस्थिव्यंग प्रकारात. त्यामुळे युडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) जाताना रिपोर्टची फाइल आणि कामातल्या अडचणींची यादी दोन्ही न्या.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आणि कामाशी संबंधित इजेत तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात ९० टक्के लाभ मिळतो. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध सिद्ध झाला तर, यात येऊ शकतो. मोटार अपघाताचा दावा ६ महिन्यांच्या आत दाखल करा. तिथे "कमाईची क्षमता किती गेली" हे मांडायला विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात स्पष्ट केलंय की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतलं नुकसान एकच नसतं : हात गमावल्याने चालकाचं जे नुकसान होतं तेच कारकुनाचं होत नाही. कामाच्या तुकड्यांचा तुमचा कागद इथेही कामी येतो.

शेती आणि स्वतःचं दुकान

इथे सोयी द्यायला साहेब नाही, म्हणून त्या स्वतःच बांधाव्या लागतात. फिट येण्याचा धोका असेपर्यंत विहिरीच्या काठावर, मळणी यंत्राजवळ, ट्रॅक्टरवर आणि झाडावर एकट्याने जायचं नाही. फवारणीचं औषध आणि पाण्याचं प्रमाण आठवणीवर सोडू नका, पंपावरच खडूने लिहा. दुकानात उधारी तोंडी ठेवायची नाही, गिऱ्हाइकासमोर वहीत. मोठा खरेदीचा सौदा, कर्जाची सही किंवा जमिनीचा व्यवहार वर्षभर तरी एकट्याने करू नका. निर्णयशक्ती कमी झाल्याचा फायदा घेणारे ओळखीचेच असतात.

तीन महिन्यांनी

आढाव्याची जी तारीख अर्जात लिहिली होती, त्या दिवशी मूळ कागद घेऊन बसा. "सध्या नको" मधलं काय "मदतीने जमतं" मध्ये आलं ते बघा. काही हललंच नसेल तर त्याच खुर्चीचा हट्ट धरू नका. रोख काउंटरऐवजी कर्जाच्या फायलींची छाननी, वर्गाऐवजी ग्रंथालय किंवा प्रश्नपत्रिकांचं काम, लेथऐवजी भांडार. बदल मान्य झाला तर पद, वेतन आणि तो तात्पुरता आहे की कायमचा हे आदेशात लिहून घ्या, आणि पुढच्या आढाव्याची तारीखही त्याच आदेशात टाकून घ्या.